व्होल्टेज जास्त येतंय? आधी मोजा

व्होल्टेज जास्त दिसलं की लगेच स्टॅबिलायझर घ्यायला धावू नका. नवीन माणसाची पहिली चूक बहुधा हीच. आधी कारण कळू द्या.

प्लगमध्ये बसणारा डिजिटल व्होल्टमीटर घ्या आणि सकाळी, संध्याकाळी, रात्री उशिरा आकडे लिहून ठेवा. 230 व्होल्टच्या पुरवठ्यात दहा टक्के वरखाली, म्हणजे 207 ते 253, सहसा चालतं. रात्री भार कमी असतो, तेव्हा आकडा थोडा चढणारच.

पण काही दिवे मंद आणि त्याच वेळी काही भगभगीत झाले, तर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सैल किंवा तुटलेली असण्याची दाट शक्यता आहे. थ्री-फेज जोडणीत अशा वेळी आकडा 400 च्या जवळ जाऊ शकतो. मोजत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि वीज कंपनीला ताबडतोब कळवा.

आणखी दोन चुका टाळा:

- सर्ज प्रोटेक्टरवर विसंबणं. तो क्षणभराची उसळी झेलतो, तासन्‌तास चढलेलं व्होल्टेज नाही.
- न्यूट्रलच्या जागी अर्थिंगची तार जोडणं. कोणी कितीही खात्रीने सुचवलं तरी नाही म्हणा. तशा जोडणीने फ्रिजच्या पत्र्यालाही करंट येऊ शकतो.

बोर्ड उघडायचं काम सध्या इलेक्ट्रिशियनवरच सोडा. तुमचे आकडे मात्र त्याला जरूर दाखवा, त्यावरून दोष लवकर सापडतो.