मावशींचा भात आणि द्राक्षे बंद करण्यापूर्वी

मावशींच्या पेट (PET) स्कॅनमध्ये गाठ उजळलेली दिसल्यावर "कर्कपेशींचे मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म अवयव) निकामी असतात, त्या फक्त साखरेवर जगतात" असे कुणीतरी सांगितले. म्हणून ऐन हंगामात, तेही नाशिकमध्ये राहून, त्यांची द्राक्षे आणि भात बंद करावा का, असे आपण विचारले आहे. करू नये, असे माझे मत आहे, कारण ते विधानच चुकीचे आहे. किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोज कुठे अधिक शोषले गेले एवढेच त्या स्कॅनमध्ये दिसते. निरोगी मेंदूही त्यात तसाच उजळतो.

प्राणवायू मुबलक असतानाही कर्कपेशी ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचे लॅक्टेट करतात, हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले. हे निरीक्षण आजही ग्राह्य आहे. त्या पेशींचे श्वसनच (मायटोकॉन्ड्रियांत प्राणवायू वापरून ऊर्जा काढण्याची क्रिया) बिघडलेले असते, हा त्यांचा निष्कर्ष मात्र बहुतेक गाठींना लागू पडत नाही. (१९३१ चे नोबेल त्यांना श्वसनाच्या विकरावरील (एन्झाइमवरील) संशोधनासाठी मिळाले, कर्करोगाचे कारण सापडले म्हणून नव्हे, व्हॉट्सॲपवरचे निरोप इथे हमखास घसरतात.)

लॅक्टेटच्या मार्गाने एका ग्लुकोजमागे एटीपीचे (पेशी ऊर्जेसाठी खर्च करते त्या रसायनाचे) २ रेणू पदरी पडतात, मायटोकॉन्ड्रियांच्या मार्गाने सुमारे ३०. तरीही हा तोट्याचा व्यवहार चालतो, कारण झपाट्याने विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच बांधकामाचा मालही लागतो: ग्लुकोजपासून डीएनएसाठी लागणारी शर्करा घडते, मायटोकॉन्ड्रियांतून बाहेर पडणाऱ्या सायट्रेटपासून पेशीपटलासाठी मेद तयार होतो, आणि डीएनएच्या घटकांना लागणारे ॲस्पार्टेट तर श्वसनसाखळी (मायटोकॉन्ड्रियांतील प्राणवायू वापरणारी यंत्रणा) चालू असल्याशिवाय पुरेसे बनतच नाही. उंदरांवरील एका प्रयोगात मायटोकॉन्ड्रियांचा डीएनए काढून टाकलेल्या कर्कपेशींच्या गाठी बऱ्याच उशिरा वाढल्या, आणि वाढल्या त्याही उंदराच्या पेशींकडून तो डीएनए मिळवल्यावर. निकामी अवयवासाठी पेशीने एवढा खटाटोप केला नसता. पॅरागँग्लिओमासारख्या काही दुर्मीळ गाठींत मायटोकॉन्ड्रियांतील एका विकराचे जनुक खरोखर बिघडलेले असते, परंतु तो अपवाद होय.

भात सोडल्याने रक्तातील ग्लुकोज संपत नाही. यकृत ते स्नायूंतील प्रथिनांपासूनही बनवते, आणि कर्कपेशी ग्लुटामिन या अमिनो आम्लावर व मेदाम्लांवरही भागवून घेतात. म्हणजे उपासमार होते ती मावशींची, आणि केमोथेरपी चालू असताना स्नायू झिजणे हा खरा धोका आहे. मायटोकॉन्ड्रियांच्या श्वसनसाखळीला आवर घालणारे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषधसुद्धा, मधुमेह नसलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत (२०२२) आजार परतणे रोखू शकले नाही.

मावशींना मधुमेह असल्यास, किंवा केमोमुळे पांढऱ्या पेशी घटल्या असल्यास, फळांविषयी त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. एरवी द्राक्षे स्वच्छ धुऊन द्यावीत आणि प्रत्येक जेवणात डाळ, अंडे किंवा पनीर पोटात जाते की नाही, याकडे अधिक लक्ष द्यावे.