पुन्हा वाचायला बसताय ना, मग पुस्तकं एकेकटी नको, जोडीनं न्या

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात ‘मृत्युंजय’ वाचलं, पु. ल. वाचले, मग नोकरी आणि संसारात वाचन सुटलं. आता पुन्हा सुरुवात करायची आहे, पण नुसत्या कादंबऱ्या नकोत, निरनिराळ्या प्रकारची पुस्तकं हवीत. आणि घरात सातवीतली मुलगी आहे, तिच्यासाठीही एखादं सांगा म्हणालात.

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. आमच्याकडे बऱ्याच सभासदांची वर्गणी दोन पुस्तकांची असते. एक पुस्तक मनात ठरवून आलेलं असतं आणि दुसरं जाता जाता हाताला लागेल ते. मी त्या दुसऱ्या पुस्तकासाठी हट्ट धरते. ते पहिल्याशी वाद घालणारं असावं, किंवा तीच गोष्ट पलीकडच्या बाजूनं सांगणारं असावं. दोन्ही संपली की डोक्यात जे सुरू होतं, ते एकट्या पुस्तकानं सहसा होत नाही. म्हणून तुम्हालाही जोड्याच सांगते.

‘मृत्युंजय’ तुमचं वाचून झालंय, तर पहिली जोडी अर्धी तयारच आहे. तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. दोन्ही पुस्तकं एकाच वर्षी, 1967 साली आली. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण यांना स्वतःच्या तोंडानं बोलायला लावलं आणि कर्णाला महाराष्ट्राच्या घराघरांत नेऊन बसवलं. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती समोर ठेवली आणि मागाहून चिकटलेलं बाजूला सारून माणसं तपासली. त्यांचा कर्ण ‘मी कोण’ या प्रश्नात अडकलेला आहे आणि मोक्याच्या वेळी त्याचा तोल जातो. द्यूतसभेत द्रौपदीबद्दल तो काय बोलला, गंधर्वांशी गाठ पडली तेव्हा रणातून कसा निघून गेला, हे बाई नजरेआड करत नाहीत. ‘मृत्युंजय’वर जीव असलेले वाचक इथे चिडतात. चिडा, पण पुस्तक मिटू नका. द्रौपदीवरच्या लेखात त्यांनी शेवटी एक प्रसंग स्वतःच्या कल्पनेनं घातलाय, आणि तो आपला आहे हे आधीच सांगून टाकलंय. पुराव्यानिशी बोलणाऱ्या विदुषीनं तेवढ्याच जागी स्वतःला दिलेली ती मोकळीक मला फार मोठी वाटते. लेख सुटे आहेत, रात्री झोपताना एकेक वाचता येईल.

आता ज्या जोडीसाठी हे उत्तर लिहायला बसले ती: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. दोन्ही आत्मकथनं, दोन्ही बायकांची.

‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. लक्ष्मीबाईंना शाळा अशी नव्हतीच. नवरा ना. वा. टिळक, कवी, अतिशय प्रेमळ आणि तितकाच लहरी. 1895 साली ते ख्रिस्ती झाले. बाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्यांच्याकडे गेल्या आणि 1900 साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. एवढं वाचून वाटेल की पुस्तक रडकं असणार. अजिबात नाही. मराठीत इतक्या निरागसपणे हसवणारं पुस्तक मला दुसरं माहीत नाही. सुरुवातच वडिलांच्या सोवळ्याच्या वेडानं होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. त्या धाकात अख्खं घर, विशेषतः बायका कशा भरडल्या जायच्या, ते बाई कुठेही आवाज न चढवता सांगतात. सोवळ्यात वाढलेली हीच बाई पुढे जातपात सोडून कुणाच्याही हातचं खाऊ लागते. ती तिथवर कशी पोचली, हे एकेका प्रसंगातून बघण्यासारखं आहे.

हे वाचून झालं की लगेच ‘जिणं आमुचं’ उघडा. बेबीताई फलटणच्या. छोटं दुकान चालवत असताना, घरच्यांपासून लपवून, त्यांनी हे लिहिलं. कितीतरी वर्षं ते कागद दडवलेले होते. पुस्तक आलं 1986 साली. त्यात महारवाड्यातल्या बायका सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ब्राह्मणआळीत विकायला जातात तो भाग आहे. घरातली बाई ओट्यावरून बजावते, काटक्या नीट बघ, एखादा केस, एखादा धागा चिकटलेला राहील. विकणारी बाई उन्हातान्हातून आलेली, आणि आता एकेक काटकी निरखत बसलेली. इथे मला दर वेळी लक्ष्मीबाईंचं माहेर आठवतं. तिथे दाराच्या आत वस्तू धुतल्या जात होत्या, इथे दाराबाहेर तीच वस्तू आणणारी बाई उभी आहे. एकाच रूढीच्या दोन बाजू, दोन बायकांनी, एकमेकींना कधीही न भेटता लिहून ठेवल्यात. बेबीताई ‘मी’ फार कमी म्हणतात, ‘आम्ही’ म्हणतात, आणि आपल्या माणसांमधल्या सासुरवासाबद्दलही तितक्याच परखडपणे बोलतात. दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) बहुतेकांनी निदान ऐकलेलं असतं, हे पुस्तक मात्र मागितलं जात नाही. मला त्याची खंत आहे.

एक सूचना: ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्तीही मिळते. ती घेऊ नका. अशोक देवदत्त टिळकांनी संपादित केलेली संपूर्ण आवृत्ती मागा. कापलेल्या पुस्तकात बाईंच्या बोलण्याची लय तुटते.

प्रवासवर्णन म्हणून लोक परदेशाची पुस्तकं मागतात. मी विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ पुढे सरकवते. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून उत्तरेकडे मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, अशा आशेनं निघाले, आणि वर्ष होतं 1857! दक्षिणा राहिली बाजूला, गृहस्थ बंडाच्या धुमाळीत सापडले. झांशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. शहर पडल्यावरची कत्तल त्यांनी लपून पाहिली. नंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी धुळीनं माखलेली, पठाणी वेशातली झांशीची राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटते. तहानलेली असते. हे पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू, आणि स्वतःच मडक्यानं पाणी काढून ओंजळीनं पिते. पुतळ्यांतली राणी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. तहानलेली राणी या एका भटजींनी दाखवली. लुटले गेले, उपाशी राहिले, तरी आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड मात्र घरापर्यंत आणली. 1907 साली चिं. वि. वैद्यांनी हे छापलं तेव्हा भाषेत बरीच दुरुस्ती आणि काटछाट केली. पुढे द. वा. पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून ते पुन्हा काढलं. पहिल्यांदा वाचताना कुठलीही प्रत चालेल, आवडलं तर मूळ बरहुकूम असलेली शोधा.

कादंबऱ्या अगदीच नकोत असं तुम्ही म्हटलेलं नाही, म्हणून एक छोटी सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955). औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर एक पोरगेला मास्तर शाळा चालवायला जातो. मेंढरांमागे जाणारी पोरं शाळेत कशाला येतील? कारभारी, आयबू, आनंदा रामोशी अशी माणसं हळूहळू मास्तरभोवती गोळा होतात, वस्तीवर तालीम उभी राहते आणि मग दुष्काळ येतो. माडगूळकर एक शब्द जास्तीचा वापरत नाहीत. दोन रात्रींत संपेल. तिच्या शेजारी लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (1980) ठेवा. कैकाड्यांचं बिऱ्हाड गाढवांवर लादून गावोगाव फिरतं, आणि बाप हट्टानं पोराला प्रत्येक गावच्या शाळेत नेऊन बसवतो. एका पुस्तकात वस्तीवर आलेली शाळा मास्तरच्या नजरेनं दिसते, दुसऱ्यात शाळेच्या दाराशी उभा असलेला पोरगा आपलं सांगतो. ‘उपरा’ वाचायला जड जाईल. भाषा अवघड नाही, सोसणं अवघड आहे.

भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी ‘कोसला’ कुठे, असं कोणीतरी खाली विचारणारच. वाचा, जरूर वाचा. पण मोठ्या खंडानंतर वाचायला बसलेल्या माणसाच्या हातात मी ती पहिल्या महिन्यात देत नाही. तिचा सूर लागायला वाचनाची सवय परत यावी लागते.

नाटक वाचायचं असतं हे आपण विसरूनच गेलोय. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. विदर्भातलं देशपांड्यांचं घर, वडील गेलेत, मुंबईचा मुलगा दिवसवारासाठी आलाय, तेराव्याच्या खर्चावरून घासाघीस चाललीय, आणि अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडलाय. तो ट्रॅक्टर नाटकभर तिथेच असतो. ज्या घरात वाटण्या झाल्यात किंवा व्हायच्यात, त्या घरातल्या माणसाला हे नाटक पुस्तक वाटणारच नाही. याच्या जोडीला सदानंद देशमुखांची ‘बारोमास’: तोच विदर्भ, पण इथे हातात बियाणं आणि डोक्यावर कर्ज असलेलं शेतकऱ्याचं घर. शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याची होणारी कोंडी. 2004 साली साहित्य अकादमी मिळालेली ही कादंबरी आजही शिळी झालेली नाही, आणि हे काही आनंदानं सांगण्यासारखं नाही.

निसर्गावर दोन नावं. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आणि मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’. ‘ऋतुचक्र’ सलग वाचू नका. ज्या महिन्यात आहात त्या महिन्याचाच लेख वाचा, वाचून बाहेर पडा आणि बाईंनी सांगितलेलं आपल्या रस्त्यावरच्या झाडांवर दिसतंय का बघा. चितमपल्ली आयुष्यभर वनखात्यात होते. त्यांच्या आत्मकथनात जंगल शहरी पाहुण्याच्या कौतुकानं येत नाही, नोकरीचं ठिकाण म्हणून येतं, आणि म्हणूनच ते खरं वाटतं. ते जून 2025 मध्ये गेले.

कवितेचं पुस्तक घरी नेणारा वाचक आता विरळा. तुम्ही न्या. ‘बहिणाबाईची गाणी’ शाळेत दोन-तीन कवितांपुरती भेटलेली असते. पूर्ण संग्रह वेगळाच आहे. खानदेशातल्या आसोद्याची ही बाई, लिहिता-वाचता न येणारी. जात्यावर, शेतात सुचलेलं तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवलं. ती 1951 साली गेली, पुस्तक 1952 साली आलं. म्हणजे आपलं पुस्तक तिनं पाहिलंच नाही. कविता मनातल्या मनात वाचू नका, मोठ्यानं म्हणा. मुलीला ऐकू जाईल हा वरचा फायदा. त्यानंतर ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (1977) उघडा. पहिल्या काही कवितांत गोंधळायला होईल. मुंबईच्या रस्त्यावरची हिंदी अचानक मराठी संग्रहात येऊन बसते. पण बोलण्यातली भाषा कवितेत जशीच्या तशी आणण्याचं धाडस या दोघांतही आहे, आणि ते जोडीनं वाचल्यावर नीट उमगतं.

कथांसाठी जी. ए. कुलकर्णी. यांना जोडी लागत नाही. ‘काजळमाया’ घ्या, आठवड्याला एकच कथा वाचा. एका बैठकीत संग्रह संपवणाऱ्याच्या हाती फक्त उदासपणा लागतो.

आता मुलीचं. सातवी म्हणजे वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचायचं अगदी नेमकं वय. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला जॉर्ज कार्व्हर शिकतो, 1896 साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून त्यांच्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत जातो आणि कापसानं निकस झालेल्या जमिनीत भुईमूग लावायला शेतकऱ्यांना शिकवतो. त्या शेंगेपासून तो काय काय करतो ते वाचताना मुलं थक्क होतात. आमच्याकडे या पुस्तकाच्या प्रती बांधणीतून निखळेपर्यंत फिरतात. जोडीला जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’. तिला हेही सांगा की नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली होती, म्हणजे नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये. ज. वि. ना. ही स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. बक्षीस जगतापांनाच मिळालं. मुलांना हा किस्सा कथेइतकाच आवडतो, आणि मग ती आपली नावं उलटी करत बसतात.

विकत घेण्याआधी गावातल्या वाचनालयात जाऊन बघा. वर सांगितलेली बरीचशी पुस्तकं जुन्या वाचनालयांत असतात, कपाटात मागच्या रांगेत गेलेली असतात एवढंच. टेबलावरच्या माणसाला नावानं विचारा. ‘जिणं आमुचं’ नसेल तर मागणी-वहीत लिहून या. मागणी आलेलं पुस्तक पुढच्या खरेदीत लागण्याची शक्यता खूप असते.