शारदेचा कायदा कोणाचा आणि मालिका मोजायची कशी?

प्रश्न : 'संगीत शारदा'ने महाराष्ट्र इतका हलवला की सरकारला 'शारदा कायदा' करावा लागला, असं आमच्या शाळेतल्या नाट्यवाचनात सांगितलं गेलं. हे खरं आहे का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : नाही. नावं सारखी असल्यामुळे झालेला हा जुना घोटाळा आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल तुमच्या शेजारच्या हरिपूरचे, त्यामुळे सांगलीत तो मोडवत नसेल हे समजू शकतो. पण १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोकांनी नाव दिलं ते अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यावरून. त्यांनी १९२७ साली केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडलं, ते १९२९च्या सप्टेंबरात मंजूर झालं आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झालं. नाटक रंगभूमीवर आलं १८९९ साली. मध्ये तीस वर्षं गेली.

नावापेक्षा मजकूर बघा, म्हणजे फरक लख्ख दिसेल. नाटकाचा रोख जरठ-बाला विवाहावर आणि पैसे घेऊन मुलगी देणाऱ्या बापावर आहे. कायद्याने मुलीचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. नवरानवरीच्या वयातल्या अंतराबद्दल त्यात अवाक्षर नाही. चौदा पूर्ण झालेली मुलगी आणि पाऊणशे वयाचा नवरदेव ही जोडी त्या कायद्याला खुशाल चालली असती. शिवाय कायदा मोडून लागलेलं लग्न रद्द होत नव्हतं. प्रौढ नवऱ्याला शिक्षा होती ती फार तर महिनाभराची साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. नाटकातल्या म्हाताऱ्या नवरदेवाने, भुजंगनाथाने, तो दंड लग्नाच्या खर्चात धरला असता!

मग नाटकाने काय साधलं? म्हातारा नवरदेव हा चारचौघांत हसण्याचा विषय झाला. आणि देवलांची खुबी अशी की लग्न मोडतं ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. सुधारकी व्याख्यान न देता त्यांनी प्रेक्षकाच्याच शास्त्रातला आधार काढून त्याच्यापुढे ठेवला. पुढे 'प्रभात'चा 'कुंकू' हा चित्रपट आला १९३७ साली, म्हणजे कायदा लागू होऊन सात वर्षं झाल्यावर. विषय तेव्हाही शिळा झाला नव्हता. फरक एवढाच की आता म्हाताऱ्याशी संसार करायला बायको स्वतः नकार देते, तिला सोडवायला शारदेसारखा कोणी कोदंड लागत नाही.

मुलीच्या वयाची अट १९४९ साली १५ झाली, १९७८ साली १८. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पुढच्या नाट्यवाचनानंतर चर्चेला हा आकडा घ्या.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातल्या आठ जणांच्या गटाला मराठी मालिकांतली बाई बदलली आहे का, हे तपासायचं आहे. 'पारंपरिक' आणि 'आधुनिक' असे दोन रकाने करून नोंदी केल्या, पण दोघांच्या नोंदी जुळतच नाहीत. कुठे चुकतंय?
– एक विद्यार्थी गट, नाशिक

उत्तर : चूक रकान्यांत आहे. साडी नेसून बँकेत कर्ज मागायला गेलेली सून कुठल्या रकान्यात टाकणार? एक जण साडी बघतो, दुसरा कर्ज. रकाना असा हवा की त्यातली गोष्ट पडद्यावर बोट ठेवून दाखवता येईल : पैशाचा निर्णय कोणी बोलून दाखवला, प्रसंगातलं शेवटचं वाक्य कोणाचं, घराबाहेर जाताना कोणाला विचारलं, स्वयंपाकघरात कोण होतं. असे पाच-सहा रकाने पुरेत. दहाच्या वर गेलात की नोंदणारा कंटाळतो आणि अंदाजाने खुणा करतो.

नोंद प्रसंगाची करा, भागाची नको. जागा किंवा वेळ बदलली की नवा प्रसंग धरायचा. तोच क्षण तीन चेहऱ्यांवर तीनदा ढोल वाजवून दाखवला तरी प्रसंग एकच.

भाग निवडताना सलग दोन आठवडे घेऊ नका. लग्नाचा किंवा मंगळागौरीचा ट्रॅक चालू असेल तर सगळ्या बायका नऊवारीत सापडतील आणि तुमचा निष्कर्ष पंचांगावर ठरेल. तीन महिन्यांच्या भागांतून चिठ्ठ्या टाकून दोन सोमवार, दोन मंगळवार, असे शनिवारपर्यंत बारा भाग काढा. रविवारचे महाएपिसोड बाजूला ठेवा, त्यांची लांबी आणि मसाला दोन्ही वेगळे असतात. जाहिराती वगळून भाग साधारण २२ मिनिटांचा असतो; थांबत थांबत नोंदी केल्या की त्याला तासभर लागतो. भागात दहा-बारा प्रसंग धरले तर एका मालिकेच्या सव्वाशे ते दीडशे नोंदी होतील.

आता जुळणीचं गणित. दोघांनी एकमेकांशी न बोलता तेच तीन भाग नोंदवायचे. समजा 'निर्णय कोणाचा' या रकान्यात तुमचं ८० टक्के जुळलं. टाळ्या पिटू नका. दोघांनीही ७० टक्के वेळा 'पुरुष' आणि ३० टक्के वेळा 'बाई' लिहिलं असेल, तर डोळे मिटून लिहिलं तरी ०.७ × ०.७ अधिक ०.३ × ०.३, म्हणजे ५८ टक्के आपोआप जुळतं. ८० मधून ५८ गेले, उरले २२. आपोआप जुळणाऱ्या वाट्यापलीकडे जास्तीत जास्त ४२ मिळवता आले असते. २२ भागिले ४२ म्हणजे सुमारे ०.५२. याला काप्पा (kappa) म्हणतात. तो ०.६ च्या खाली असला तर व्याख्या पुन्हा लिहा आणि नवे तीन भाग घेऊन पुन्हा जुळवा. जुन्याच भागांवर जुळवलंत तर पाठांतर मोजलं जाईल.

जुन्या मालिकांशी तुलना करणार असाल तर एक खड्डा सांभाळा. दूरदर्शनच्या काळातली मालिका आठवड्याला एक, बहुधा तेरा भाग. आजची रोज, वर्षानुवर्षं. त्यामुळे आकडे दर तासाला काढा. आणि जुन्यांतल्या आज पाहायला मिळतात त्या लोकांनी जपून ठेवलेल्या, म्हणजे मुळातच निवडक.

हे सगळं केल्यावर मालिकेतली बाई बदलली की नाही ते कळेल. घरातली बदलली का, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचा. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि आपल्या शेजारचा गोवा इथल्या त्याच कुटुंबांना २००१ ते २००३ दरम्यान पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. मधल्या काळात काही गावांत केबल आली, काहींत नाही. जिथे आली तिथे नवऱ्याने मारणं योग्य म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रहही घटला. तरीही उत्तर बदललं म्हणजे घरातली मारहाण थांबली, असं त्यातून काढता येत नाही. तुम्ही घरोघर जाणार असाल तर 'मालिकेमुळे तुमचं मत बदललं का?' हे विचारू नका, सगळे नाही म्हणतील. आणि सुनेला विचारताना सासू खोलीत नसावी.

प्रश्न : सोशीक बाईचे हाल दाखवले की प्रेक्षकांना अन्यायाची चीड येते, असं मालिकावाले सांगतात. पटावं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सरसकट नाही. दूरदर्शनवर १९८४ साली 'हम लोग' सुरू झाली ती कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचं स्थान हे विषय घरोघर पोचवण्यासाठी, मेक्सिकोतल्या मालिकांच्या धर्तीवर. १५६ भाग झाले. भागाच्या शेवटी अशोक कुमार स्वतः येऊन प्रेक्षकांशी बोलत. त्यातली आई भागवंती सगळं मुकाट सोसते. असं राहू नये हे दाखवायला ती घडवली होती. पण प्रेक्षकांची पत्रं आणि मुलाखती तपासल्या तेव्हा कित्येक जणींना तीच आदर्श वाटल्याचं आढळलं. अश्रू तिचे, संगीत तिच्यासाठी, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर : एवढी माया जिला मिळते तिचं अनुकरण होणारच. मालिकावाल्यांना विचारायचं असेल तर हे विचारा, की न सोसणाऱ्या बाईला त्यांच्या पटकथेत शेवटी काय मिळतं.