लग्नाआधी ‘मॅरेज लायसन्स’ काढावं लागतं का? किती दिवस आधी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही हिंदू, होणारा नवरा ख्रिश्चन, दोघंही पुण्यात नोकरीला, २५ मेचं कार्यालय ठरलंय आणि अमेरिकेतला मामेभाऊ सारखा विचारतोय, “लायसन्स काढलं का?” तिकडे लग्नाआधी सरकारी कचेरीतून लायसन्स घ्यावं लागतं, त्यामुळे त्याचं विचारणं बरोबर आहे. आपल्याकडे त्या नावाचा कागद नाही. पण तुमच्या बाबतीत त्याच्या जागी एक गोष्ट आहे, तिला म्हणतात विवाहाची नोटीस. ती वेळेत दिली नाही तर कार्यालय, पत्रिका, जेवणाची ऑर्डर सगळं असूनही २५ मेला कायद्याने लग्न होणार नाही. माझं झालं नव्हतं, म्हणून कळकळीने लिहितेय.

दोघंही हिंदू असते (यात बौद्ध, जैन, शीख आले) तर आधी काहीच लागलं नसतं. विधी करायचे आणि नंतर महापालिकेत नोंदणी करायची. वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांनी नुसती सप्तपदी घातली तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न धरलं जात नाही. तुमच्यापुढे चर्चमधल्या लग्नाचाही मार्ग आहे, कारण ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं. पण तुम्हाला दोन्ही घरांना मोकळं ठेवणारं लग्न हवंय, तेव्हा विशेष विवाह कायदा, १९५४. लोक ज्याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात ते हेच. कोर्टाशी त्याचा संबंध नाही, ते विवाह अधिकाऱ्यासमोर होतं.

यात धर्म सोडावा लागत नाही. माझ्या आजीने चार दिवस जेवण टाकलं होतं, तिच्या डोक्यात होतं की सही करताना “मी हिंदू नाही” असं लिहून द्यावं लागतं. १८७२ च्या जुन्या कायद्यात खरंच तशी अट होती, तिने ते कुणाकडून तरी ऐकलं असणार. १९५४ च्या कायद्यात ती नाही. मी हिंदू आहे, नवरा मुसलमान आहे, दोघंही आजही तसेच आहोत.

आता दिवसांचा हिशेब. तो उलटा मांडायचा, लग्नाच्या तारखेपासून मागे. नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. आणि नोटीस देण्याआधी दोघांपैकी निदान एकाचं त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य असावं लागतं. ही दुसरी अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आमचं लग्न २२ डिसेंबरला ठरलं होतं. मी १८ नोव्हेंबरला अर्ज केला, हिशेबाने चार दिवस शिल्लक. तो परत आला. माझं आधार सोलापूरचं, त्याचंही बाहेरचं, आणि पुण्याच्या खोलीचा भाडेकरार २ नोव्हेंबरपासूनचा. म्हणजे कागदावर आम्ही पुण्यात सोळाच दिवसांचे. पुन्हा ३ डिसेंबरला अर्ज केला आणि सही झाली ५ जानेवारीला. २२ तारखेला पाहुणे आले, हार घातले, जेवणं झाली, फोटोही आहेत. पण बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “कागद होईपर्यंत तू घरीच चल.” नवी साडी नेसलेली मी त्याच रात्री आईबाबांबरोबर सोलापूरच्या गाडीत बसले. ते चौदा दिवस मी विसरणार नाही.

तुमच्यासाठी: १० एप्रिलच्या आसपास नोटीस द्या. १० मेनंतर कधीही सही करता येईल, मध्ये काही अडलं तर पंधरा दिवस हाताशी राहतील. फार आधीही देऊ नका, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि सगळं पहिल्यापासून. कुणाचा पत्ता दाखवणार ते आजच ठरवा आणि भाडेकराराची तारीख बघा, १० मार्चच्या आधीची हवी. महाराष्ट्रात नोटिशीचा अर्ज नोंदणी व मुद्रांक विभागाकडे ऑनलाइन भरता येतो. वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का ते अक्षर अक्षर लावून बघा. कुणाचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला लागतो.

नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, याची मनाची तयारी ठेवा. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत तिथल्या कार्यालयातही लागते. माझ्या काकांना आमचं लग्न सोलापूरच्या फलकावरूनच कळलं. घरी पत्र पाठवायची तरतूद कायद्यात नाही, पण घरच्यांना सांगायचं असेल तर नोटिशीच्या आधी तुम्ही स्वतः सांगा. काका मला अजून एवढंच म्हणतात, “तू सांगितलं असतंस तर मी पहिला आलो असतो.”

आक्षेप कुणीही घेऊ शकतं, पण कारण कायद्यातलंच लागतं: आधीचा जोडीदार हयात आहे आणि घटस्फोट झालेला नाही, वय कमी आहे (मुलगा २१, मुलगी १८), मानसिक अवस्थेमुळे संमती देता येत नाही, किंवा नातं निषिद्ध आहे. “आम्हाला पसंत नाही” हे कारण नाही. आक्षेप आलाच तर अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो, आणि त्याने नकार दिला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं.

सहीच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, ओळखपत्रांसह. चौथा सांगून ठेवा. आमच्यातला एक जण मूळ ओळखपत्र घरी विसरला आणि नवऱ्याची बहीण ऑफिस सोडून रिक्षाने धावत आली. अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकमेकांना एक वाक्य म्हणायचं असतं, आपल्याला कळेल त्या भाषेत: मी अमुक, तुला, अमुकला, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो, तसंच तुम्ही त्यांना. हे मराठीतच म्हणा. माझा आवाज तिथे फुटला, आणि समोरच्या बाईंनी शिक्का खाली ठेवून “सावकाश म्हणा” म्हटलं.

जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला कार्यालयाच्या बाहेर, तुमच्या हॉलवर बोलावण्याची सोयही कायद्यात आहे. ते जमेल का हे अर्ज देतानाच विचारा. नाही जमलं तर २२-२३ मेला जाऊन सही करून या आणि २५ला निवांत हार घाला.