पांढरं भेकर दिसलं तर

सड्याखालच्या रानात पांढरं भेकर दिसलं म्हणतोस, तर आधी त्याचे डोळे आठव. गुलाबी-लालसर असतील तर अल्बिनो, म्हणजे अंगात रंगद्रव्यच नसलेलं; काळे असतील तर बहुधा ल्युसिस्टिक, म्हणजे कातडी-केसांचा रंग गेलेला पण डोळ्यांचा शाबूत.

कुणीतरी तुला सांगेलच, "असली निपज दुबळी, मारलेली बरी." अजिबात मानू नकोस. हा रंग सहसा अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. तो जनुक तांबूस भेकरांतही लपलेला असतो, पांढरं मारून संपत नाही. अमेरिकेत परवाना काढून हरणं मारता येतात, तरी विस्कॉन्सिनमध्ये पूर्ण पांढऱ्या हरणाला संरक्षण आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने भेकर, सांबर, पिसोरी यांची शिकार गुन्हाच, रंग कुठलाही असो. आणि ते योग्यच आहे. तांबूस भेकराचा जीव काही स्वस्त नाही! पांढऱ्याला धोका जास्त, कारण हिरव्या रानात ते लांबून दिसतं आणि बातमी वाडीवाडीत पोचते.

म्हणून फोटो टाकायची घाई करू नकोस. टाकलासच तर लोकेशन काढ, वाडीचं नाव नको, मागचा ओळखीचा डोंगरही नको. काजूच्या बागेच्या कडेने फासकी लावलेली दिसली तर एकट्याने वाद घालू नकोस, वनविभागाच्या १९२६ वर फोन कर.