बारावीनंतर संगीतात पदवी करावी की विशारद पुरेसं? (सांगली)

मुलीची मध्यमा (विशारदच्या आधीची संगीत परीक्षा) झाली आहे आणि पुढे तिला शिकवायचंही आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग पदवी जरूर करू द्या. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं तर एम.ए. आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. घरी क्लास काढायला विशारद पुरतं. कोल्हापूर जवळच आहे, शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागात चौकशी करा.

विद्यापीठात शास्त्र पक्कं होतं: भातखंड्यांचे दहा थाट (रागांचे मूळ स्वरसमूह), स्वरलिपी, घराण्यांचा इतिहास. पण गळा नुसत्या तासिकांवर तयार होत नाही. एकच यमन राग महिनोन्‌महिने गुरूसमोर बसून गावा लागतो. म्हणून आत्ताचे गुरू सोडू नका, हे अगदी कळकळीने सांगते. आणि मिरज तर तुमच्या दाराशी! विष्णु दिगंबर पलुस्कर तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं, ते तिला मनसोक्त ऐकू द्या. तंबोराही मिरजेतूनच घ्या. कारागीर जवारी (तारेचा गुंजणारा नाद) कशी काढतात, ते तिला शेजारी बसून बघू द्या.

शिकवण्याचं म्हणाल तर शेजारच्या एकदोन मुलांचे अलंकार (स्वरांचे पलटे) तिला आत्तापासूनच घोटून घ्यायला सांगा.