मोरी आली नाही, तरी लिही

प्रिय,

मालवणच्या बंदरावर मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, नोंदी करायला जायचं ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं. वहीचे रकाने चांगले आखले आहेस, फक्त एक राहिलाय: किती होड्या पाहिल्या. तो सगळ्यात आधी घाल. नुसत्या 'आज पाच मोऱ्या' या नोंदीला काही अर्थ नाही. तीन होड्या पाहून मिळालेल्या पाच आणि तीस होड्या पाहून मिळालेल्या पाच, यांचा अर्थ सारखा नसतो. पोचल्याची आणि निघाल्याची वेळ लिही. प्रत्येक होडीचं जाळंही लिही, ट्रॉल (होडीमागे ओढायचं), गिलनेट (पाण्यात उभं सोडायचं) की रापण (किनाऱ्यावरून ओढायचं).

आणि एकही मोरी नसली तर ठळक शून्य घाल. नवखे हटकून इथेच चुकतात. मोठी कानमुशी (हातोड्यासारख्या डोक्याची मोरी) आली की ढीगभर फोटो, काही आलं नाही की पान कोरं. अशी वही वाचणाऱ्याला वाटणार, मालवणात रोज मोरी येते! उलट जून-जुलैच्या मासेमारी बंदीत शून्य लिहू नकोस. तेव्हा बहुतेक होड्याच समुद्रात नसतात. तिथे 'पाहणी नाही' असंच लिहायचं. या दोन गोष्टींची गल्लत झाली, तर कुठल्याही शास्त्रज्ञाला ती नंतर निस्तरता येत नाही.

लांबी मोजताना टेप जमिनीवर सरळ धर, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. अंगावरून वळवून मोजलीस तर आकडा फुगतो. नर-मादी ओळखणं सोपं आहे. नराच्या पोटाकडच्या मागच्या परांना लागून बोटांसारखे दोन अवयव असतात. ते कडक झाले असतील तर तो वयात आलेला. हे लिहायचा कंटाळा करू नकोस, कारण नुसत्या लांबीने फसायला होतं. आपल्याकडे भरपूर मिळणारी चपट्या तोंडाची छोटी मुशी, स्कोलिओडॉन, दोन फुटांची असेल तर पूर्ण वाढलेली असते. तेवढीच कानमुशी म्हणजे पिल्लू. ती वयात येईपर्यंत कित्येक वर्षं जातात. अशी पिल्लं एखाद्या महिन्यात सारखी दिसू लागली, तर जवळपास कुठेतरी त्यांची वाढायची जागा असू शकते. शास्त्रज्ञांना नेमकं हेच हवं असतं, आणि रोज बंदरावर उभं राहणं त्यांना जमत नाही.

लिलाव चालू असताना मध्ये घुसू नकोस. टोपलीला हात लावण्याआधी मासे विकणाऱ्या मावशींना विचार, त्यांचं गिऱ्हाईक आधी. तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, पहिल्याच दिवशी सांग की तू कुठल्याही खात्याकडून आलेलं माणूस नाहीस आणि होडीचं नाव कुठे छापणार नाहीस. मग तो शब्द पाळ. संरक्षित जात दिसली म्हणून तिथे कायदा शिकवायला लागलास, तर दुसऱ्या दिवशी तुला कुणी काही दाखवणार नाही. (आणि मोरीचं मटण आवडत असेल तर खुशाल खा. लाजायचं कशाला?)

बहिरीचं, म्हणजे व्हेल शार्कचं, मात्र वेगळं. तिला २००१ पासून कायद्याचं संरक्षण आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीपासून असा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते, पण त्यासाठी पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. तो मच्छीमाराकडून मागून घे. तारीख, जागा, अंदाजे लांबी, सगळं त्यात सापडतं.

अशा नोंदींनी काय होणार, असं विचारलं होतंस. अमेरिकेत १९६२ साली शंभराहून कमी हौशी गळवाल्यांना हाताशी धरून शार्कना खुणेच्या पट्ट्या लावायचं काम सुरू झालं. ते पुढे कित्येक दशकं चाललं. त्यात पट्टी लावून सोडलेला एक सँडबार शार्क २७ वर्षांहून अधिक काळाने पुन्हा सापडला. पहिली नोंद करणाऱ्याने तारीख नीट लिहिली होती, म्हणून हे कळलं.

तुला रविवारच जमत असेल तर रविवारीच जा, पण 'आज मोठा मासा आलाय' असा फोन आला म्हणून बुधवारी धावू नकोस, नाहीतर वहीत मोठ्या माशांचेच दिवस जास्त भरतील. गेलासच, तर ती नोंद वेगळ्या पानावर ठेव. पहिल्या महिन्याची पानं मला पाठव. फोटोत टेपवरचे आकडे वाचता आले पाहिजेत.